विम्बल्डनला एकच दिवस, सोबत एकाहत्तरीचे बाबा: रांग, तिकीट आणि बसायची जागा

ताई, तुमचं म्हणणं मला असं कळलं. तुम्ही लंडनजवळच्या रेडिंगला राहता. जूनअखेरीस आईबाबा नाशिकहून येतायत. बाबांचं वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. 1985 साली सतरा वर्षांच्या बेकरला जिंकताना पाहिलं तेव्हापासून विम्बल्डन एकदा प्रत्यक्ष बघायचं त्यांच्या मनात आहे. तिकिटांच्या लॉटरीत तुमचा नंबर लागला नाही. एक एजंट ‘खात्रीची’ तिकिटं देतो म्हणतोय, मित्रमंडळी म्हणतायत त्या-त्या दिवशीच्या तिकिटांसाठी जी रांग लागते तिच्यात रात्रभर तंबू ठोकून बसा. आणि तुमचा शेवटचा प्रश्न: सेंटर कोर्ट, म्हणजे तिथलं मुख्य कोर्ट, मिळणार नसेल तर एवढा खटाटोप करावाच का?

करावा. जरूर जा. फक्त एजंट नको, तंबू नको आणि सेंटर कोर्टाचा हट्टही नको. तिन्हींची कारणं सांगतो.

मी मूळचा सोलापूरचा. दक्षिण लंडनमधल्या सार्वजनिक कोर्टांवर मुलांना टेनिस शिकवतो. 2007 पासून दरवर्षी निदान एकदा तरी त्या रांगेत बसतो. 2020 साली स्पर्धाच झाली नाही आणि 2021 साली रांग नव्हती, तेवढी दोन वर्षं सोडून. या काळात एकटा गेलोय, शाळकरी पोरांना घेऊन गेलोय, आणि माझ्या आईला घेऊनही गेलोय. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. पुढचं बरंचसं तिच्याबरोबरच्या त्या दिवसानं शिकवलेलं आहे.

तुम्ही प्रश्न तिकिटाचा म्हणून विचारलाय. माझ्या मते आधी हिशोब बाबांच्या ताकदीचा करायला हवा. त्यांच्या अंगात त्या दिवशी आठ-नऊ तासांची उमेद असेल असं धरू. त्यातले किती तास रांगेत खर्च करायचे आणि किती टेनिस बघायला राखून ठेवायचे, हे एकदा ठरलं की कुठलं तिकीट घ्यायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही. सेंटर कोर्टाच्या मागे लागलात तर त्यांची सगळी उमेद रांगच खाऊन टाकेल.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. त्या दिवशी पाऊस असेल की ऊन, कोण कुठल्या कोर्टावर खेळेल, तुमच्या आधी किती लोक आलेले असतील, हे सगळं त्या-त्या दिवसावर आहे. बाबांना घडीच्या खुर्चीत दोन-तीन तास बसवतं का, हे तुम्हालाच ठाऊक. त्यामुळे मी सांगतोय त्यात तुमच्या घरच्या परिस्थितीप्रमाणे फेरफार करा.

आधी एजंटचं संपवू. विम्बल्डनची तिकिटं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. याला अपवाद डिबेंचरच्या तिकिटांचा. क्लबला पाच वर्षांसाठी मोठी रक्कम देणाऱ्यांना ती जागा मिळते आणि ती तिकिटं ते रीतसर विकू शकतात. पण ती फक्त सेंटर कोर्ट आणि नंबर एकच्या कोर्टाची असतात, आणि त्यांच्या किमती आपल्यासारख्यांनी विचारू नयेत अशा असतात. ग्राउंड पास, म्हणजे आवारात फिरण्याचं आणि छोट्या कोर्टांवर बसण्याचं तिकीट, हे त्या-त्या दिवशी रांगेत उभं राहिलेल्यालाच मिळतं. म्हणजे कुणी तुम्हाला मे महिन्यात ग्राउंड पास विकत असेल, तर जे त्याच्याकडे असूच शकत नाही ते तो विकतोय. माझ्या ओळखीचं एक कुटुंब अशीच तिकिटं घेऊन गेलं होतं. दारावरून परत यावं लागलं. पैसे तर गेलेच, पण पुण्याहून आलेल्या आजोबांचा चेहरा त्या सुनेला अजून आठवतो. त्या वाटेला जाऊ नका.

आता रांग. लोकांना वाटतं रांग म्हणजे पहाटेपासून पाय मोडून उभं राहणं. तसं नाही. रांग विम्बल्डन पार्क नावाच्या मोठ्या बागेत, हिरवळीवर लागते. तुम्ही शेवटच्या माणसामागे गेलात की स्वयंसेवक प्रत्येकाच्या हातात तारीख आणि क्रमांक छापलेलं एक कार्ड देतात. तिथून पुढे बहुतेक वेळ बसूनच जातो. मधूनमधून सगळी ओळ उठते, पन्नास-शंभर पावलं पुढे सरकते, पुन्हा बसते. स्वच्छतागृहं आहेत, चहा-कॉफी मिळते. उठून गेलात तर अर्ध्या तासाच्या आत परत यायचं, एवढाच दंडक.

तुमच्या मनात एक युक्ती नक्की आली असेल: मी पहाटे जाऊन नंबर धरते, आईबाबा सावकाश दहाला येतील. हे चालत नाही. ज्याला आत जायचंय त्यानं स्वतः रांगेत शिरायचं, स्वतःचं कार्ड घ्यायचं आणि तिकीट हातात पडेपर्यंत तिथे राहायचं. माणशी एकच तिकीट मिळतं. हा नियम मला मनापासून आवडतो. तिथे वकील, विद्यार्थी, बसचालक सगळे आलेल्या क्रमानं बसतात आणि कुणी कुणाला ओलांडून जात नाही.

रांगेतल्या पहिल्या दीडेक हजार लोकांना मोठ्या कोर्टांची तिकिटं मिळतात: सेंटर, नंबर एक आणि नंबर दोन, प्रत्येकी सुमारे 500. शेवटच्या चार दिवसांत सेंटरची तीही नसतात. त्यानंतरच्या सगळ्यांना ग्राउंड पास. सेंटरच्या त्या 500 मध्ये यायचं तर आदल्या संध्याकाळीच तंबू लावावा लागतो, एखादा मोठा सामना असेल तर त्याच्याही आधी. पहाटे स्वयंसेवक हाका मारून उठवतात, तंबू गुंडाळून जमा करायला लावतात, आणि तरीही दारं उघडायला सकाळचे दहा वाजतात. सेंटर कोर्टावर पहिला चेंडू पडतो तो दुपारी दीडला. एका वर्षी मी हे सगळं केलं. तिसऱ्या सेटला, ज्याच्यासाठी रात्रभर कुडकुडलो त्या सामन्यात, माझे डोळे मिटत होते. वय तेव्हा चौतीस होतं. बाबांना यात घालू नका.

मग काय करायचं? पहिल्या आठवड्यातला सोमवार, मंगळवार किंवा बुधवार धरा आणि सकाळी सातच्या सुमारास रांगेत पोचा. त्या वयाची माणसं पाचला जागी असतातच, त्यामुळे तुमच्यापेक्षा त्यांना हे सोपं जाईल. पहिला आठवडाच का, तर एकेरीत पुरुष 128 आणि स्त्रिया 128. पहिली फेरी सोमवार-मंगळवारात उरकायची म्हणजे दोन दिवसांत 128 सामने. मोठ्या कोर्टांवर त्यातले मूठभरच मावतात. बाकी सगळे, जगात विसाव्या-तिसाव्या क्रमांकावर असलेले खेळाडूसुद्धा, छोट्या कोर्टांवर येतात. ग्राउंड पास खिशात असलेल्या माणसाला अख्ख्या वर्षात याहून मोठी मेजवानी कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. बुधवारपासून दुहेरीही सुरू होते.

रांगेत क्रमांक हाती आला की स्वयंसेवकाला सरळ विचारा, ‘या नंबरला साधारण किती वाजतील?’ ते खरं सांगतात. मैदानात एका वेळी सुमारे 42,000 माणसं घेतात. तेवढी भरली की बाहेर पडतील तितकेच आत सोडतात. माझा अनुभव असा की क्रमांक चार-पाच हजारांच्या आत असला तर दुपारच्या आत आपण आत असतो. आठ-दहा हजारांच्या पुढचा आला तर बाबांना तिथे बसवू नका. गावात जाऊन जेवा, बाकावर आराम करा आणि चार-साडेचारला पुन्हा येऊन रांगेची चौकशी करा. संध्याकाळी लोक बाहेर पडायला लागतात, पाचनंतर पासाचा दरही उतरतो (2024 मध्ये पहिल्या आठवड्यात दिवसाचा पास 30 पौंडांचा होता). जुलैच्या सुरुवातीला इथे सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे सहाला आत गेलात तरी दोन-तीन तासांचं टेनिस पदरात पडतं. माझ्या काही फार सुंदर संध्याकाळी अशाच आत जाऊन मिळालेल्या आहेत. ऊन उतरलेलं, गर्दी विरळ, आणि एखाद्या मागच्या कोर्टावर पाचवा सेट चाललेला.

आत शिरल्यावर बहुतेक पाहुणे पहिला तास फोटोत, स्ट्रॉबेरीच्या रांगेत आणि दुकानात घालवतात. तुम्ही तसं करू नका. छोट्या कोर्टांवरचा खेळ अकराला सुरू होतो आणि पहिल्या सामन्याला जागा सहज मिळतात. दिवसाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच जाहीर होतं. रात्री घरी बाबांबरोबर बसून त्यातले दोन सामने निवडा. दोनच. यादी मोठी केलीत तर दिवसभर चालणंच होईल.

जागा कुठली निवडायची, हा माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. नंबर तीनपासून अठरापर्यंतच्या कोर्टांवर राखीव नसलेल्या जागा ग्राउंड पासवाल्यांसाठी असतात. कोर्ट 18 प्रसिद्ध आहे. 2010 साली इस्नर आणि माहू यांचा 11 तास 5 मिनिटांचा, तीन दिवस चाललेला सामना तिथेच झाला, शेवटचा सेट 70-68. बाबांना ते कोर्ट नक्की दाखवा, तिथे त्या सामन्याची पाटी आहे. पण तिथे पायऱ्या चढाव्या लागतात. बसायला 4 ते 11 यांपैकी एखादं कोर्ट बघा. तिथे कोर्टाच्या कडेला बाकांच्या दोन-चार ओळी असतात, चढउतार जवळजवळ नाही. खेळाडू आणि तुमच्यामध्ये अंतर किती? नाशिकच्या वाड्यात ओसरीवरून अंगणातला माणूस दिसतो, तेवढं.

हे अंतर काय करतं ते सांगतो. टीव्हीवर कॅमेरा उंचावर, एका टोकाच्या मागे असतो. तिथून कोर्ट आखूड दिसतं आणि चेंडू हळू वाटतो. बाजूच्या बाकावर बसलात की पहिल्यांदा कळतं की चेंडू जाळ्यावरून किती कमी उंचीनं जातो आणि गवतावर टप्पा घेतल्यावर उसळण्याऐवजी कसा सरपटत येतो. सर्व्हिस परतवणाऱ्याला विचार करायला वेळच नसतो. त्याची पावलं आधी हलतात, हात नंतर. आवाज ऐका. नीट मधोमध बसलेल्या फटक्याचा आवाज भरीव येतो, काठाला लागलेल्याचा पोकळ. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन गेम डोळे मिटून ऐकायला लावतो. मग विचारतो, कोण जिंकतंय? बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं.

बाबांना आणखी एक गोष्ट करायला सांगा. चेंडूमागे मान फिरवणं सोडून दोन गेम फक्त एकाच खेळाडूकडे बघायचं. गुण संपल्यावर तो काय करतो, टॉवेल कधी मागतो, दुसऱ्या सर्व्हिसआधी किती वेळ घेतो, पुढे येण्याआधी खांदा कसा झुकतो. टीव्ही हे कधीच दाखवत नाही, कारण तेवढ्यात तिथे मागच्या फटक्याची पुनरावृत्ती चालू असते. माझी आई टेनिस फारसं जाणत नव्हती. तिनं एका अनोळखी मुलीकडे अशी दीड तास नजर लावली आणि शेवटी मला म्हणाली, ‘ही पोरगी हरायच्या आधीच हरली होती रे, मागच्याच्या मागच्या गेमला.’ अगदी बरोबर होतं.

तुमचे बाबा बेकर-एडबर्गच्या काळातले प्रेक्षक आहेत, म्हणून गवताबद्दल. त्यांना प्रश्न पडेल की आता सर्व्हिस करून कुणी जाळ्याकडे धावत का नाही. खेळाडूंच्या रॅकेटी आणि तारा बदलल्या, हे एक कारण. दुसरं त्यांच्या पायांखाली आहे. 2001 पासून इथे शंभर टक्के राय गवत पेरतात. त्याआधी त्यात दुसऱ्या जातीचं गवत मिसळलेलं असे. राय गवत चिवट, त्याखालची जमीन कडक राहते आणि चेंडू पूर्वीपेक्षा जरा वर येतो. मग मागे उभं राहून फटके मारणाऱ्याला वेळ मिळतो. पुरावा बघायचा असेल तर गवत कुठे झिजलंय ते बघा. जुन्या अंतिम सामन्यांच्या चित्रणात बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, जाळ्यापर्यंत मातकट वाट पडलेली दिसते. आता झीज सगळी बेसलाइनवर, पुढचा भाग दुसऱ्या आठवड्यातही हिरवा. तुम्ही पहिल्या आठवड्यात जाल तेव्हा 8 मिलिमीटरवर कापलेलं ते गवत सगळीकडेच हिरवंगार असेल आणि त्यावरून खेळाडू घसरतानाही दिसतील. सोमवार-मंगळवारी जरा जास्तच.

बाबांना हेही आधी सांगून ठेवा की रेषेवरचे पंच आता दिसणार नाहीत. 2025 पासून ते काम यंत्रं करतात आणि ‘आउट’ची हाक ध्वनिक्षेपकातून येते. इतकी वर्षं वाकून उभी राहिलेली ती माणसं बघणाऱ्याला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. मला अजूनही होतं.

दुहेरी सोडू नका. भारतातून आलेला प्रेक्षक एकेरीतली मोठी नावं शोधत फिरतो. मात्र आपली माणसं इथे गाजली ती बरीचशी दुहेरीत: पेस-भूपती 1999 साली, सानिया मिर्झा हिंगिसबरोबर 2015 साली. एकेरीत रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 असे लागोपाठ दोनदा उपांत्य फेरीत पोचले होते, हे बाबांना ठाऊक असेलच. दुहेरीत गुण छोटे, फटाफट होणारे, चौघेही जाळ्याजवळ. त्या छोट्या बाकावरून ते बघणं म्हणजे चेंडूचं लपंडाव बघणं. बाबा ज्या खेळाची आठवण काढतात तो जाळ्यापाशीचा खेळ आज जिवंत आहे तो इथेच.

दोन सामने झाले की बाबा थकतील. मग टेकडीवर जा. अधिकृत नाव अओरंगी टेरेस, लोक हेन्मन हिल म्हणतात. समोर मोठा पडदा, त्यावर मोठ्या कोर्टावरचा सामना चालू असतो. उतारावर बसणं गुडघ्यांना त्रासाचं आहे, म्हणून खालच्या बाजूला किंवा कडेला सपाट जागा शोधा. इथेच डबा उघडा.

सेंटर कोर्टाची एक खिडकीही इथूनच उघडते. दुपारी घरी निघालेले लोक आपली मोठ्या कोर्टांची तिकिटं परत करतात आणि ती 10-15 पौंडांत पुन्हा विकली जातात. पैसे धर्मादाय कामाला जातात. ही पद्धत 1954 पासून आहे. हल्ली त्यासाठी विम्बल्डनच्या अ‍ॅपवर नाव नोंदवून ठेवायचं, आपली पाळी आली की फोनवर कळतं. अ‍ॅप आणि खातं घरूनच तयार ठेवा, फोन पूर्ण चार्ज करून न्या. मिळालं तर बाबांना सेंटर कोर्टाच्या छताखाली संध्याकाळचा तास-दीड तास मिळेल. त्यांनी पडद्यावर बघितलेलं कोर्ट प्रत्यक्षात फार लहान, फार जवळचं वाटतं. पंधरा हजार माणसं एकदम गप्प होतात तेव्हा तर छाती दडपते. नाही मिळालं तरी दिवस वाया गेलेला नसेल, कारण तुम्ही तोपर्यंत दोन सामने हाताच्या अंतरावरून पाहिलेले असतील. म्हणून मी सेंटर कोर्ट संध्याकाळच्या नशिबावर सोडतो आणि सकाळ त्याच्यासाठी गहाण टाकत नाही.

सामानाचं थोडक्यात. माणशी एक पिशवी, 40 × 30 × 30 सेंटिमीटरच्या आतली. अर्ध्या लिटरहून मोठा थर्मास आत नेऊ देत नाहीत, सुरी-कात्री तर नाहीच. घरचं खाणं मात्र खुशाल नेता येतं आणि तुम्ही ते न्याच. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कापून आणलेली काकडी नेतो. तिघांनी आतलं जेवायचं ठरवलं तर खर्च बराच होतो, आणि आईबाबांना दुपारी दोनला ओळखीची चव लागली की पुढचे तीन तास सोपे जातात. पाण्याची रिकामी बाटली न्या, आत भरायची सोय आहे. स्ट्रॉबेरी मात्र तिथलीच घ्या. कितीतरी वर्षं तिचा दर 2.50 पौंडांवर ठेवला होता, 2025 ला 2.70 झाला. विम्बल्डनमध्ये तेवढीच एक गोष्ट स्वस्त आहे.

बाकांसाठी पातळ उशी न्या, फार वेळ बसलं की पाठ अवघडते. रांगेसाठी घडीची हलकी खुर्ची न्या. आत जाण्याआधी सामान ठेवायची जागा असते तिथे ती सोपवा. स्वेटर आणि टोपी दोन्ही हवेत. ‘लंडन थंड असतं’ असं समजून आईबाबा फक्त गरम कपडे आणतील. पण 2025 चा सलामीचा दिवस स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत उष्ण सलामीचा दिवस होता, पारा 32 अंशांच्या वर गेला होता. बाकांवर सावली नसते. औषधं हाताशी ठेवा. बाबांना चक्कर आल्यासारखं वाटलं, किंवा रांगेत उभं राहणं जमेनासं झालं, तर संकोच न करता स्वयंसेवकांना सांगा. आत जागोजागी लष्करी गणवेशातली माणसं दिसतील, तीही प्रेक्षकांच्या मदतीसाठीच असतात. माझ्या आईला त्यांच्यातल्या एकानं हात धरून बाकापर्यंत नेलं होतं.

पावसाचं एकच सांगतो. छत फक्त सेंटर आणि नंबर एकला आहे. छोट्या कोर्टांवर सर पडली की आच्छादन ओढतात आणि लोक आडोशाला पळतात. तुम्ही पळू नका, छत्री घेऊन जवळच थांबा. सर ओसरून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा बाक रिकामे असतात आणि बाबांना पहिल्या ओळीत जागा मिळते. मात्र हवामान खात्यानं दिवसभराचा पाऊस सांगितला असेल तर जाण्याचा दिवसच बदला. तुम्ही रेडिंगला राहता, आईबाबा महिनाभर असतील, तर हाती दोन-तीन तारखा मोकळ्या ठेवा. लॉटरीवाल्यांना त्यांची तारीख बदलता येत नाही. रांगेवाल्याला येते.

दुसऱ्या आठवड्याचं विचारलं होतंत. तेव्हा रांग आटोपशीर असते आणि आवारात निवांत फिरता येतं, पण छोट्या कोर्टांवर एकेरीचे मोठे सामने उरत नाहीत. कनिष्ठ गटाची मुलं, दुहेरी, व्हीलचेअर टेनिस आणि निवृत्त खेळाडूंची निमंत्रितांची दुहेरी. बाबांची तब्येत नाजूक असेल तर मी याच आठवड्यातला सोमवार किंवा मंगळवार निवडेन. कनिष्ठ गटाला कमी लेखू नका. रामनाथन कृष्णन 1954 साली, रमेश कृष्णन 1979 साली आणि पेस 1990 साली इथे मुलांच्या गटात जिंकले होते.

आणि रांगेचं काहीच जमणार नाही असं वाटलं तर आदल्या आठवड्यात लंडनमधल्याच रोहॅम्प्टनला पात्रता फेरी असते. तिकीट आधी ऑनलाइन घेता येतं. एकेरीत 128 पुरुष 16 जागांसाठी झगडतात; तीन सामने जिंकले तर विम्बल्डन, नाहीतर घरी. आपले भारतीय एकेरी खेळाडू बऱ्याचदा तिथेच बघायला मिळतात. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन होत होती तेव्हा तुम्ही बाबांना घेऊन गेला होतात असं लिहिलंय. तिथली जवळीक आवडली असेल तर रोहॅम्प्टन त्यांना घरच्यासारखं वाटेल. माझा एक शेजारी गेली काही वर्षं फक्त तिथेच जातो.

जायचं कसं, तेवढं राहिलं. रेडिंगहून पॅडिंग्टनला या आणि तिथून भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनची विम्बल्डनकडे जाणारी गाडी पकडा, म्हणजे मध्ये बदलावी लागत नाही. उतरायचं साउथफील्ड्सला. नावावरून लोक विम्बल्डन स्टेशनला जातात, ते लांब पडतं. साउथफील्ड्सला लिफ्ट आहे, बाहेर पडल्यावर रांगेकडे नेणाऱ्या पाट्या आणि माणसं असतात. सपाट रस्ता आहे, बाबांच्या चालीनं वीस-पंचवीस मिनिटं धरा. परतताना सेंटर कोर्टाचा सामना सुटायच्या अर्धा तास आधी निघा, नाहीतर फलाटावर मुंगीला शिरायला जागा नसते. बाबा ‘हा गेम संपू दे’ म्हणतील, तेव्हा तो अर्धा तास पाऊण तासाचा धरा.

तारखा पक्क्या झाल्या आणि वेळापत्रक लागलं की इथेच लिहा. त्या दिवशीचे कोणते दोन सामने बघावेत ते आपण बसून ठरवू.